फ्लोरिडातील फेरमतमोजणी (२०००)

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी ७ नोव्हेंबर २००० रोजी झालेल्या निवडणुकीत फ्लोरिडा राज्यातील मतमोजणीवरून उद्‌भवलेला वाद. मतदान आटोपल्यावर फेरमोजणीचे नियम बदलावेत का, हा प्रश्न इतक्या तीव्रतेने क्वचितच पुढे आला असेल.

राज्याची २५ निर्वाचक मते ज्याच्या पदरात पडतील तोच अध्यक्ष होणार होता. पहिल्या मोजणीत उमेदवार जॉर्ज डब्ल्यू. बुश १,७८४ मतांनी पुढे होते. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असल्याने यंत्रांवर फेरमोजणी झाली व आघाडी आणखी घटली. त्यांचे प्रतिस्पर्धी अल गोर यांनी मग चार कौंट्यांत हाताने मोजणी मागितली.

अनेक कौंट्यांत मतदार सुईसारख्या टोच्याने कार्डाला भोक पाडून मत देत. भोकातला कागदाचा चौकोनी तुकडा पूर्ण गळून पडला नाही, तर यंत्राला ते मत दिसत नसे. तुकडा एका कोपऱ्यावर लोंबत असेल तर? नुसता खळगा पडला असेल तर? कायदा फक्त ‘मतदाराचा हेतू’ पाहा म्हणत होता. पाम बीचमध्ये १९९० च्या नियमानुसार पूर्ण चिकटलेला तुकडा बाद ठरे. मोजणी सुरू झाल्यावर उजेड आरपार दिसला तरी मत धरले जाऊ लागले, मग पुन्हा जुना नियम आला, पुढे तोही सुटला. ब्रॉवर्डमध्ये निकष त्याहून सैल होता. एकाच राज्यात एकसारखे कार्ड इकडे मत ठरे आणि तिकडे रद्द.

कौंट्यांनी निकाल कळवण्याची कायद्यातील मुदत १४ नोव्हेंबरची होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती २६ पर्यंत वाढवली. त्या दिवशी बुश ५३७ मतांनी विजयी घोषित झाले. ८ डिसेंबरला त्याच न्यायालयाने यंत्रांना मत न दिसलेल्या कार्डांची राज्यभर हाताने मोजणी करण्याचा आदेश ४ विरुद्ध ३ मतांनी दिला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. १२ डिसेंबरच्या निकालात सात न्यायाधीशांना निकषांतील तफावत समान संरक्षणाच्या हक्काविरुद्ध वाटली. एकसमान निकष ठरवून मोजणी पुरी करण्याची वाट मात्र ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने बंद झाली. निर्वाचक निश्चित करण्याची मुदत संपली, हे कारण दिले गेले. मतदारांच्या बाजूने पाहता निकालाचा हा दुसरा भाग पटत नाही: नियम संदिग्ध ठेवले सरकारने आणि मते न मोजलेली राहिली नागरिकांची.

तरीही मतदानानंतर निकष ठरवू देणे घातक, हे २००१ च्या एका अभ्यासाने दाखवले. वृत्तसंस्थांनी मिळून करविलेल्या या पाहणीत सुमारे १,७५,००० वादग्रस्त कार्डे तपासली गेली. गोर यांनी मागितलेली चार कौंट्यांतील मोजणी पुरी झाली असती तरी बुशच जिंकले असते. राज्यभरची सर्व बाद कार्डे तपासली असती तर गोर निसटते पुढे गेले असते. अशा वेळी नियम निवडणाराच विजेता निवडत असतो.

फ्लोरिडाने २००१ मध्ये भोकांची कार्डे मोडीत काढली आणि कोणती खूण मत धरायची याचे निकष आधीच ठरवण्याची तरतूद केली. निर्वाचकांची नेमणूक मतदानाच्या दिवसापूर्वी केलेल्या राज्याच्या कायद्यांनुसारच व्हावी, असे २०२२ च्या संघीय कायद्याने स्पष्ट केले.