ब्लूम्सबरीच्या देवडीतील वृद्ध बोका

लंडनच्या ब्लूम्सबरी भागातील ब्रिटिश म्युझियमच्या मुख्य फाटकाला लागून द्वारपालांसाठी एक देवडी, म्हणजे पहाऱ्याची लहानशी खोली आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत या देवडीत माईक नावाचा एक बोका वास्तव्यास होता, आणि जानेवारी 1929 मध्ये वयाच्या सुमारे विसाव्या वर्षी तो मरण पावला, तेव्हा त्याच्या खाण्यापिण्याच्या, निजण्याच्या आणि माणसांशी वागण्याच्या विलक्षण सवयी सर अर्नेस्ट वॉलिस बज यांनी एका छोट्या पुस्तिकेत लिहून ठेवल्या. बज हे 1894 ते 1924 या काळात म्युझियमच्या इजिप्शियन व असीरियन पुरावस्तू विभागाचे ‘कीपर’, म्हणजे विभागप्रमुख होते, आणि प्राचीन इजिप्तच्या धर्माविषयीचे त्यांचे ग्रंथ तेव्हा सर्वत्र वाचले जात. माईकने फेब्रुवारी 1909 ते जानेवारी 1929 या काळात मुख्य फाटक सांभाळण्यास साहाय्य केले, असे त्यांनी पुस्तिकेच्या शीर्षकातच नमूद केले आहे. मांजरांविषयीच्या जुन्या लेखनात पिलांच्या खेळांची आणि तरण्या बोक्यांच्या शिकारीची वर्णने विपुल सापडतात, परंतु दात झिजलेल्या, हट्टी झालेल्या म्हाताऱ्या जनावराचे दिवस कसे गेले हे सांगणारा मजकूर अगदी विरळा. या पुस्तिकेचे मोल त्यामुळेच मोठे आहे.

माईकला जे लाभले ते किती अपूर्व होते, हे समजण्यासाठी त्याच्या आधीच्या चाळीस वर्षांकडे पाहावे लागते. ब्रिटनमधील सरकारी कार्यालयांत मांजर बाळगले जाई ते कामासाठी. 1868 मध्ये लंडनच्या मनीऑर्डर कार्यालयात उंदरांनी कागदपत्रे कुरतडण्याचा उपद्रव वाढला, तेव्हा तेथील अधिकाऱ्याने मांजरांच्या खुराकासाठी रक्कम मागितली, आणि टपाल खात्याच्या वरिष्ठांनी तीन मांजरे उमेदवारीवर, म्हणजे काम पाहून पुढे ठेवायचे की नाही हे ठरवण्याच्या बोलीवर, नेमण्यास मंजुरी दिली. खुराकाची रक्कम आठवड्याला केवळ एक शिलिंग ठरली. बाकीचे पोट मांजरांनी उंदरांवरच भरावे, आणि सहा महिन्यांत उंदीर कमी न झाल्यास ही रक्कमही घटवावी, असा स्पष्ट आदेश होता. मांजराला अर्धपोटी ठेवले तरच ते शिकार करते, ही समजूत या आदेशामागे होती. अशा व्यवस्थेत म्हातारपणाला जागाच नसते, कारण ज्याचे दात गेले त्याची शिकारही गेली आणि शिकारीबरोबर अन्नही गेले.

ब्रिटिश म्युझियममधील रीत मात्र आरंभापासूनच काहीशी निराळी दिसते. माईकच्या आधी तेथे ब्लॅक जॅक नावाचा एक काळा बोका होता आणि वाचनालयाच्या दालनांतही त्याची ये-जा असे. एका रविवारी तो वृत्तपत्रांच्या खोलीत कोंडला गेला आणि त्याने बांधीव अंकांच्या पुठ्ठ्यांवर नखे घासून त्यांची बरीच नासधूस केली, तेव्हा त्याला आवारातून हद्दपार करून त्याचा निकाल लावण्याचा हुकूम निघाला. बोका त्यानंतर खरोखरच दिसेनासा झाला. परंतु दोघा कर्मचाऱ्यांनी त्याला लपवून ठेवून खाऊपिऊ घातले होते, आणि काही आठवड्यांनी तो पुन्हा प्रकट झाला, तेव्हा सगळ्यांना आनंदच झाला आणि कोणीही काही विचारले नाही. वरिष्ठांचा हुकूम आणि खालच्या माणसांची माया यांतील ही तडजोड पुढे माईकच्याही वाट्याला आली.

1908 च्या वसंतात बज आपल्या सरकारी निवासस्थानाच्या पायऱ्या उतरत असताना ब्लॅक जॅक तोंडात काहीतरी धरून त्यांच्याकडे आला, ते त्याने त्यांच्या पायांशी ठेवले, गंभीरपणे वर पाहिले आणि तो निघून गेला. तोंडातून आणलेली ती वस्तू म्हणजे एक पिल्लू होते आणि तेच पुढे माईक झाले. त्या घरात आधीपासून असलेल्या मांजरांनी पिलाला सामावून घेतले, आणि त्यांच्यातील एकाने त्याला कबुतरे घेरण्याची कला शिकवली. रविवारी सकाळी आवारात शांतता असे. अशा वेळी इमारतीच्या दर्शनी स्तंभावलीत माईक शिकारी कुत्र्याप्रमाणे एका जागी ताठ उभा राहून पक्ष्यांवर नजर खिळवी, दुसरे मांजर कबुतरांना हळूहळू कोपऱ्याकडे रेटीत नेई, आणि पक्षी भांबावले की दोघे एकेक पक्षी तोंडात धरून इजा न करता घरात आणत. घरची कारभारीण ती कबुतरे काढून घेई आणि मोबदल्यात दोघांना मांसाचा तुकडा व दूध देई. कबुतरे मका खाऊन, पाणी पिऊन खिडकीतून उडून जात.

कोळशाच्या काजळीने माखलेली पिसे मांजरांना आवडत नव्हती, म्हणून ती कबुतरे खात नसत, असे बज सांगतात. हे कारण लंडनच्या त्या काळच्या हवेशी जुळणारे असले तरी पुरेसे वाटत नाही. मांजरात शिकारीची ऊर्मी आणि पोटाची भूक या दोन प्रेरणा बऱ्याच अंशी स्वतंत्र असतात, त्यामुळे भरल्या पोटीही ते शिकार करते आणि केलेली शिकार खाईलच असे नाही. त्यातच दर वेळी कबुतराच्या बदल्यात शिजलेले मांस मिळत गेल्याने हा व्यवहार दोघांच्या अंगवळणी पडला असावा. टपाल खात्याच्या आदेशामागील समजूत चुकीची होती, हे या पोटभर जेवणाऱ्या शिकाऱ्यांनी दर रविवारी सिद्धच केले होते.

वय वाढले तसा माईक बज यांच्या घरातून फाटकाच्या देवडीकडे ओढला गेला आणि शेवटी तेथेच कायमचा राहू लागला. रात्रीच्या आपल्या उद्योगांवर घरच्यांचा डोळा असणे त्याला नको होते, असे बज यांनी कौतुकाने म्हटले आहे. यामागे व्यवहारातील एक साधी सोयही होती. मांजरांच्या नैसर्गिक विधीसाठी घरात ठेवायची पिशवीबंद शोषक माती 1947 मध्ये अमेरिकेत बाजारात येईपर्यंत बहुतेक पाळीव मांजरांना रात्री बाहेर जावेच लागे, आणि ज्या घराची दारे रात्री बंद होत तेथे ही मोठीच अडचण असे. द्वारपाल अहोरात्र जागे असल्याने देवडीत मात्र केव्हाही जावे आणि केव्हाही यावे, अशी मुभा होती. तेथे त्याच्यासाठी वाऱ्याचा झोत लागणार नाही अशा कोपऱ्यात निजायला एक फळी बसवून दिली होती. अंगात ऊब निर्माण करण्यासाठी जादा शक्ती खर्चावी लागू नये म्हणून मांजराला भोवतालची हवा साधारण 30 ते 38 अंश सेल्सिअस इतकी उबदार लागते, आणि म्हातारपणी स्नायू व चरबी झडल्यावर ही गरज अधिकच तीव्र होते. लंडनच्या हिवाळ्यात त्या फळीचे मोल किती असेल, हे यावरून कळते.

पहिल्या महायुद्धात लंडनमध्ये अन्नाचा तुटवडा पडला, परंतु बाकी कोणाचे काहीही झाले तरी माईकची आबाळ होणार नाही याची काळजी बज यांनी घेतली. त्याच्या आयुष्याच्या अखेरच्या दोन वर्षांत मात्र त्याला खाऊ घालणे अवघड झाले, कारण त्याचे दात किडून निकामी होऊ लागले होते. एक दिवस कोवळे मांस आणि एक दिवस मासा, असा आलटूनपालटून आहार देऊन त्याला जगवले गेले. या काळातील त्याच्या आवडीनिवडी बज यांनी मोठ्या बारकाईने टिपल्या आहेत. कोकणातील लेपीप्रमाणे चपटा असणारा सोल हा मासा त्याला व्हायटिंगपेक्षा प्रिय होता, व्हायटिंग हॅडॉकपेक्षा प्रिय होता, हेरिंगपेक्षा तो सार्डिन पसंत करी, आणि कॉडला तो मुळीच विचारीत नसे. व्हायटिंग, हॅडॉक आणि कॉड हे तिन्ही मासे एकाच कुळातील आहेत, हे ध्यानात घेतले तर त्याच्या निवडीतील सूक्ष्मता कळते. सोलचे मांस नाजूक व मऊ असते, म्हणून दुखऱ्या हिरड्यांना ते सोसत असावे हा एक भाग झाला. परंतु मांजर अन्नाची पारख प्रामुख्याने वासावरून करते आणि न रुचलेले अन्न भूक असूनही नाकारते, हेही तितकेच खरे आहे. हे सारे अन्न रोज शिजवून देणारे तिघे द्वारपाल होते. बज यांची पुस्तिका माईकविषयी असली तरी तिच्यातील सर्वांत हृद्य ओळी या तिघांविषयी आहेत, कारण त्यांनी त्या बोक्याला भावाप्रमाणे वागवले, असे बज कृतज्ञतेने लिहितात.

हा बोका लाडिक मुळीच नव्हता. म्युझियमच्या मुद्रित ग्रंथ विभागातील एफ. सी. डब्ल्यू. हायली यांनी त्याच्या मृत्यूनंतर एक विलापगीत रचले, त्यात तो अंगाला हात लावू देत नसे याची हळहळ आहे. अपवाद होता तो द्वारपालाचा आणि बज यांचा. म्हणजे रोज फाटकातून आत येणाऱ्या असंख्य माणसांपैकी त्याने आपली माणसे मोजकी निवडली होती आणि ती निवड अखेरपर्यंत बदलली नाही. वृद्ध मांजराची नजर व श्रवणशक्ती मंदावते, तेव्हा ओळखीचा वास, ओळखीची पावले आणि ठरलेली वेळ यांचाच त्याला आधार असतो. देवडीच्या पहाऱ्याची ठरीव दिनचर्या त्या दृष्टीने अत्यंत अनुकूल होती.

माईक ज्या वर्षी मरण पावला त्याच वर्षी, 1929 मध्ये, ब्रिटिश गृहखात्यात पीटर नावाच्या काळ्या मांजरासाठी दररोज एक पेनी किरकोळ खर्चातून देण्यास मान्यता मिळाली. तेथील कर्मचारी त्याला इतके खाऊ घालत की तो उंदीर पकडीनासा झाला होता. म्हणून परस्पर खाणे देण्यास मनाई करून ठरावीक अन्न सुरू करण्यात आले. मनीऑर्डर कार्यालयाचा जुनाच हिशेब साठ वर्षांनी पुन्हा मांडला गेला, आणि माईकच्या देवडीतील वागणूक त्या काळी किती निराळी होती हे त्यावरून दिसते. पीटर 1946 पर्यंत जगला.

ब्रिटिश म्युझियममध्ये मांजरांचा हा वावर पुढेही चालू राहिला, परंतु 1970 च्या दशकापर्यंत आवारात शिरलेल्या भटक्या मांजरांची संख्या शंभराच्या घरात गेली आणि त्यांना हटवण्याचा विचार सुरू झाला. तेव्हाही पुढे आला तो एक सफाई कर्मचारी. त्याच्या खटपटीने बहुतेक मांजरांना घरे मिळाली, आणि थोडकी मांजरे नसबंदी करून म्युझियममध्येच उंदीर धरण्यासाठी ठेवण्यात आली.