घाव दिसत नाही तेव्हा

एप्रिल १९७६. किंग्स्टनच्या कसोटीत बडोद्याचे तेवीस वर्षांचे फलंदाज अंशुमान गायकवाड वेगवान मारा अंगावर झेलीत उभे होते. डोक्यावर शिरस्त्राण घालण्याचा प्रघात तेव्हा पडलेला नव्हता. ८१ धावांवर असताना मायकेल होल्डिंगचा चेंडू त्यांच्या डाव्या कानावर आदळला. कानाचा पडदा फाटला. रुग्णालयात न्यावे लागले आणि पुढे शस्त्रक्रियाही झाल्या.

चौदा वर्षांपूर्वी, मार्च १९६२ मध्ये, बार्बाडोसला याहून भयंकर प्रसंग घडला होता. गोध्रा येथे जन्मलेले भारताचे कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या कवटीवर चार्ली ग्रिफिथचा चेंडू बसला. तातडीने शस्त्रक्रिया झाल्या. प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी त्यांच्यासाठी रक्त दिले. सहा दिवस ते बेशुद्ध होते. वेल्लोरला कवटीत बसविलेली धातूची पट्टी २०२२ मध्ये, तब्बल साठ वर्षांनी, काढण्यात आली. काँट्रॅक्टर पुन्हा प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले. कसोटीचे दार मात्र त्यांना उघडले नाही.

हे आघात जगाने पाहिले. परंतु मेंदूला नुसता हादरा बसतो तेव्हा पुष्कळदा जखम दिसत नाही, छायाचित्रातही काही आढळत नाही. डोके दुखते, उजेड सोसवत नाही, विसर पडतो, राग लवकर येतो. हात मोडलेल्याला घरचे लोक सांभाळून घेतात. या रुग्णाला मात्र ‘आता काय झाले आहे?’ असे विचारतात. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत सावरतात. काहींना महिने लागतात. प्रारंभी एकदोन दिवस विश्रांती, मग थोडे चालणे, थोडे वाचन, त्रास वाढल्यास एक पायरी मागे, हीच आज मान्य झालेली रीत आहे. मेंदू सावरण्यापूर्वी दुसरा मार बसणे घातक ठरू शकते. म्हणूनच २०१९ पासून कसोटीत अशा खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येतो.

गायकवाड पुन्हा उभे राहिले. १९७९ मध्ये कानपूरला त्यांनी वेस्ट इंडिजविरुद्धच शतक केले. १९८३ मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध ६७१ मिनिटे खेळून २०१ धावा काढल्या. त्या संथ खेळीची काहींनी थट्टा केली असेल. पण घाई न करणे हेही बळच आहे. ते बळ रुग्णाने एकट्याने आणायचे नसते. घराने, शाळेने आणि कचेरीनेही त्याला ते द्यावयाचे असते.