राघू पाळणं गुन्हा, मग आफ्रिकन ग्रे कायदेशीर कसा?

बोलणाऱ्या करड्या पोपटाचं रील पाहून तुम्हालाही तो घ्यावासा वाटतोय? मग पैसे पाठवण्याआधी 'साइट्स' म्हणजे काय, ते जाणून घ्या.

साइट्स काय आहे?
वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा हा करार १९७३ मध्ये झाला आणि १९७५ पासून लागू झाला. भारत त्यात १९७६ मध्ये सहभागी झाला.

कोणता पोपट कुठे?
परिशिष्ट १ मध्ये सर्वाधिक धोक्यातल्या प्रजाती आहेत. जंगलातून पकडलेल्या अशा पक्ष्यांच्या व्यावसायिक व्यापारावर बंदी आहे. स्कार्लेट मकाऊ यातच येतो. बेसुमार पकडल्यामुळे आफ्रिकन ग्रेलाही २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत इथे आणलं गेलं. परिशिष्ट २ मधल्या ब्लू अँड गोल्ड मकाऊसारख्या पक्ष्यांचा व्यापार परवान्यावर होतो. बजरिगर (आपल्याकडे दुकानदार यालाच 'लव्हबर्ड' म्हणतात) आणि कॉकाटील या याद्यांमध्ये नाहीत.

भारतात नियम काय?
वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि साइट्समधल्या प्रजातींसाठी वेगळी अनुसूची ४ आली. यातला जिवंत पक्षी घरात असेल, तर 'परिवेश २.०' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पिल्लं झाली, पक्षी दुसऱ्याला दिला किंवा तो मेला, तरी कळवावं लागतं. नुसतं दुकानाचं बिल पुरेसं नाही.

मग राघूचं काय?
आपला हिरवा पोपट साइट्सच्या परिशिष्ट १ किंवा २ मध्ये नाही. पण तो भारतातला वन्य पक्षी असल्याने इथला कायदा त्याला थेट संरक्षण देतो. त्याला पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

परदेशातून परतताना?
दुबईहून पुण्याला येताना पाळलेला आफ्रिकन ग्रे सोबत आणायचा, तर तिथला निर्यात आणि इथला आयात, असे दोन्ही साइट्स परवाने आधीच हवेत. कागद नसतील तर पक्षी जप्त होऊ शकतो.

घरात आधीच राघू असेल तर?
खिडकी उघडून सोडून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला अन्न शोधता येईलच असं नाही. महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.