एकट्याचा अभ्यास : टपालापासून मोबाइलपर्यंत

घरी बसून पदवी मिळवण्याची सोय कोरोनाकाळाने आणली, असा समज रूढ झाला आहे. तिचा इतिहास मात्र साठ वर्षांहून जुना आहे. १९६२ साली बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठाने पत्राद्वारे पदवीशिक्षण सुरू केले. एकीकडे महाविद्यालय गावाजवळ आले, दुसरीकडे पाठ टपालाने घरी जाऊ लागले.

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात महाविद्यालय जवळ येऊनही अनेकांना ते दूरच राहिले. कारखान्यात पाळी करणारा कामगार, दहावीनंतर लग्न झालेली मुलगी, उसाला पाणी देण्यासाठी रात्र जागणारा शेतकऱ्याचा मुलगा रोज वर्गात कसा बसणार? १ जुलै १९८९ रोजी नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने अशांचाच विचार केला. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांच्या काळात त्याची घडी बसली. बारावी न झालेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम ठेवला गेला.

या विद्यापीठाच्या पुस्तकांची रचना पाहण्याजोगी आहे. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मग विवेचन, अधूनमधून स्वयं-अध्ययनाचे प्रश्न, शेवटी सारांश आणि सरावासाठी स्वाध्याय. वाचणारा एकटा आहे, शंका विचारायला शेजारी कोणी नाही, हे लिहिणाऱ्याने गृहीत धरलेले दिसते. म्हणून पुस्तकच मध्ये थांबवते, विचारते आणि लिहायला लावते. जोडीला अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रे होती. तिथे विषय समजे, आणि आपल्यासारखे आणखी कोणी आहे हेही कळे. हा दिलासा लहान नव्हता.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि नियमित विद्यार्थीही एका रात्रीत दूरस्थ झाले. व्याख्यान मोबाइलवर आले. पण एकट्यासाठी रचलेले पुस्तक आले नाही, संपर्कसत्रही नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांवर झाल्या. त्या परिस्थितीत दुसरा मार्ग अवघड होता, हे मान्य. तरीही त्या वर्षी परीक्षेसाठी सलग चार परिच्छेद लिहिण्याचे कारणच उरले नाही. लिहिताना आपल्याला काय समजले नाही ते उमगते. पर्याय निवडताना ते झाकून जाते.

मुलांच्या मनावरील ताण सरकारच्याही लक्षात आला होता. जुलै २०२०मध्ये केंद्राने ‘मनोदर्पण’ उपक्रम सुरू केला. ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ची मदत मिळते. ही सोय मोलाची आहे. पण फोन करण्याची वेळ येण्याआधीचा आधार जुन्या व्यवस्थेत होता : वहीत लिहिलेले उत्तर आणि ते वाचणारा माणूस.

ऑनलाइन पदव्या आता वाढतच जाणार. त्या देणाऱ्यांनी आठवड्याला एक हस्तलिखित उत्तर आणि महिन्याला तालुक्याच्या गावी एक बैठक एवढे जरी ठेवले, तरी इंदापूरच्या एखाद्या वस्तीवर एकट्याने अभ्यास करणारी मुलगी एकटी पडणार नाही.