८०८५ चे किट : जोडणी, आज्ञावली आणि जपणूक

रसायनांच्या कारखान्यात तापमान ठरावीक अंशांवर राखणे, टाकी भरताच पंप बंद करणे ही कामे करणारा संगणक टेबलावर दिसत नाही. तो यंत्राच्या पेटीत एका बोर्डवर बसलेला असतो. रोह्यालगतच्या वरसे गावातून धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करू पाहणाऱ्या डिप्लोमाधारकाला या बोर्डचे अंतरंग ठाऊक असणे उपयोगाचे. महाराष्ट्रातील तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालयांत हे अंतरंग उलगडून दाखवले ते ‘८०८५ च्या किट’ने.

इंटेल कंपनीने ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर १९७६ मध्ये आणला. आधीच्या ८०८० ला तीन वेगवेगळे विद्युतदाब लागत. याला केवळ ५ व्होल्ट पुरतात. त्यावर आधारलेले ‘एसडीके-८५’ हे शिकाऊ किट लगेचच आले. त्यात २ किलोबाइटची कायम स्मृती आणि अवघी २५६ बाइटची तात्पुरती स्मृती होती. पुढे भारतीय उत्पादकांनी याच धर्तीवर किट बनवली. रमेश गावकर यांच्या ८०८५ वरील पाठ्यपुस्तकाने विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना त्याची ओळख करून दिली. नासाने १९९७ मध्ये मंगळावर उतरवलेल्या ‘सोजर्नर’ या छोट्या गाडीतही याच प्रोसेसरची एक आवृत्ती होती.

जुने किट सुरू करण्यापूर्वी वीजपुरवठा बोर्डपासून वेगळा काढून मल्टिमीटरने तपासावा. दाब ५ व्होल्टच्या आसपास स्थिर असेल तरच तो जोडावा. जुन्या पुरवठ्यातील कपॅसिटर निकामी झाले असल्यास दाब चढउतार करतो. धन व ऋण टोकांची अदलाबदल झाली तर चिप जळू शकतात. पुरवठा सुरू करून ‘रिसेट’ कळ दाबली की एसडीके-८५ च्या दर्शकावर ८०८५ हा आकडा उमटतो. कायम स्मृतीतील ‘मॉनिटर’ ही आज्ञावली जागी झाल्याची ती खूण होय. कळफलक वाचणे व आकडे दाखवणे हे काम तीच करते.

आता पहिली बेरीज. सर्व आकडे षोडशमान पद्धतीचे आहेत. तीत ९ नंतर ए ते एफ ही अक्षरे येतात. एसडीके-८५ मध्ये तात्पुरती स्मृती २००० या पत्त्यापासून सुरू होते. ‘सबस्ट मेम’ कळ दाबून २००० हा पत्ता द्यावा आणि ‘नेक्स्ट’ दाबत पुढील बाइट एकेक करून भरावेत :

३ई २५ – संचयकात २५ ठेवा
सी६ १७ – त्यात १७ मिळवा
३२ ५० २० – उत्तर २०५० या पत्त्यावर ठेवा
सीएफ – मॉनिटरकडे परत जा

तिसऱ्या ओळीत पत्त्याचा उत्तरार्ध आधी आणि पूर्वार्ध नंतर येतो, याकडे नवशिक्याने विशेष लक्ष द्यावे. ‘गो’ कळ, २००० हा पत्ता आणि ‘एक्झेक’ कळ या क्रमाने आज्ञावली चालवावी. नंतर २०५० हे स्थान उघडल्यास तेथे ३सी दिसेल. भारतीय किटमध्ये पत्ते, कळांची नावे व परतीची आज्ञा वेगळी असू शकते. त्यासाठी सोबतची पुस्तिका पाहावी.

या खटाटोपाचे मोल काय? प्रत्येक आज्ञेला किती वेळ लागतो हे येथे आधीच सांगता येते. वरील पहिली आज्ञा घड्याळाच्या ७ ठोक्यांत, म्हणजे एसडीके-८५ वर सुमारे २.३ मायक्रोसेकंदांत पुरी होते. झडप नेमक्या क्षणी बंद होण्याची हमी अशाच हिशेबावर उभी असते. मात्र रिले किंवा मोटर थेट बोर्डला जोडू नये; मध्ये ट्रान्झिस्टर वा ऑप्टोकपलरचा टप्पा हवाच.

वीज गेली की तात्पुरत्या स्मृतीतील सारे पुसले जाते. म्हणून आज्ञावली पत्त्यांसह वहीत उतरवण्याचा शिरस्ता पडला. काही किटमध्ये स्मृती टिकवण्यासाठी छोटी बॅटरी असते. ती गळू लागली तर तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. म्हणून ती आधी काढावी.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. अनेक किटमध्ये मॉनिटर ‘ईप्रॉम’ चिपवर असतो. अतिनील किरणांनी पुसली जाणारी ही चिप काळाच्या ओघातही विसराळू होते. तिची काचेची खिडकी अपारदर्शक पट्टीने झाकलेली असावी आणि प्रोग्रॅमरच्या साह्याने तिच्यातील मजकुराची प्रत काढून ठेवावी. प्रयोगशाळेतील किट भंगारात काढण्यापूर्वी एवढे तरी करावे. कारण प्रत हाती असेल तर नव्या चिपवर उतरवून किट पुन्हा सुरू करता येते, आणि नसेल तर बाकीचा बोर्ड धडधाकट असूनही मुका राहतो.