स्वतंत्र चित्रमालिका

चित्रचौकटींच्या ओळीतून सांगितलेली व ठराविक कालांतराने प्रसिद्ध होणारी जी कथा वा विनोदमाला तिच्या कर्त्याच्याच मालकीची असते आणि जिचे संपादन व वितरणही तोच करतो, तिला स्वतंत्र चित्रमालिका म्हणतात. वृत्तपत्रातील दैनंदिन चित्रपट्टी किंवा प्रकाशनसंस्थेने काढलेले चित्रकथेचे पुस्तक ह्यांहून ती वेगळी ठरते, ती चित्रणाच्या शैलीमुळे नव्हे, तर तिच्यावरील सत्ता कोणाची ह्यामुळे. इंटरनेटवर प्रसिद्ध होणारी जालीय चित्रमालिका हे तिचे आजचे सर्वांत परिचित रूप होय. तथापि एकट्याच्या बळावर नियतकालिक सुरू करणे, ते विखुरलेल्या वाचकांपर्यंत नेणे आणि वर्षानुवर्षे टिकविणे, हा उद्योग मराठीत इंटरनेटपेक्षा एका शतकाने जुना आहे. त्याचे एक ठळक उदाहरण मुंबई-पुण्यात नसून खानदेशात, जळगाव येथे आढळते.

नारायण नरसिंह फडणीस ह्यांनी १८८७ मध्ये जळगाव येथे काव्यरत्नावली हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक सुरू केले. चित्रमालिकेशी त्याचा प्रत्यक्ष संबंध नाही. पण स्वतंत्र चित्रमालिकेच्या कर्त्यापुढे आज जे प्रश्न उभे राहतात, ते जवळजवळ सर्व फडणिसांपुढे होते. विषय एकच आणि तोही थोड्यांच्या आवडीचा. वाचक एका गावात मावणारा नव्हे. मराठी मुलखात कोठे एक, कोठे दोन असा पसरलेला. जळगाव तर त्या वेळी जिल्ह्याचे ठाणेही नव्हते. एकसंध खानदेश जिल्ह्याचे ठाणे धुळे येथे होते आणि जिल्ह्याचे विभाजन होऊन पूर्व खानदेशाचे ठाणे जळगावास आले, ते १९०६ मध्ये. परंतु मुंबई-भुसावळ लोहमार्ग जळगावावरून जात होता व टपालाने पाठविलेल्या वस्तूची किंमत वाचकाच्या दारात वसूल करण्याची व्ही. पी. पद्धतही १८७७ पासून रूढ झाली होती. मोठ्या शहरातील पुस्तकविक्रेत्याच्या मध्यस्थीवाचून अंक वाचकाच्या हाती पडू शकेल, अशी परिस्थिती त्यामुळे निर्माण झाली होती. (धुळे मुख्य लोहमार्गापासून दूर राहिले, चाळीसगाव-धुळे हा फाटा १९०० साली सुरू झाला.)

काव्यरत्नावली १९३५ पर्यंत, म्हणजे सुमारे अठ्ठेचाळीस वर्षे चालले. केशवसुतांच्या कविता त्यात प्रसिद्ध झाल्या. धुळ्यास जन्मलेले विनायक व धरणगावचे बालकवी ठोमरे हे खानदेशचे कवीही त्या मासिकाशी निगडित होते. १९०७ मध्ये जळगाव येथे कविसंमेलन भरले. त्यामागे फडणिसांचा पुढाकार होता व डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे त्याचे अध्यक्ष होते. कोवळ्या वयाच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, ती ह्याच संमेलनात. वाङ्मयेतिहासात ह्या संमेलनाची नोंद बालकवींमुळे होते. परंतु नियतकालिकाच्या प्रसाराच्या दृष्टीनेही ते महत्त्वाचे आहे. एरव्ही केवळ टपालाने जोडलेले लेखक व वाचक तेथे एका मांडवाखाली आले. आजचा चित्रकार चित्रकथांच्या मेळाव्यात स्वतःचे टेबल मांडून बसतो, त्यामागील हेतू ह्याहून फारसा निराळा नाही.

लहान वर्तुळापासून आरंभ करण्याचे दुसरे उदाहरण अमळनेरचे आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० ह्या काळात तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते व शाळेचे छात्रालयही सांभाळीत. छात्रालयातील मुलांसाठी ते छात्रालय हे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. वाचक एका इमारतीतले आणि प्रत एकच. पुढे त्यांनी विद्यार्थी हे मासिक काढले आणि १९३८ मध्ये अमळनेरहूनच काँग्रेस हे साप्ताहिक सुरू केले. ते १९४० पर्यंत चालले. साधना साप्ताहिक १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघाले. हस्तलिखितापासून साप्ताहिकापर्यंतच्या ह्या वाटचालीत लेखनाची सवय आधी व छापखाना नंतर, हा क्रम दिसतो. मालिका सुरू होण्याआधीच तिच्या जाहिरातीत शक्ती खर्च करणाऱ्यांना हा क्रम उलटा वाटेल. अनुभव मात्र त्याच्याच बाजूचा आहे.

प्रत्यक्ष चित्रांच्या क्षेत्रात मराठी कलावंताने स्वतःच्या मालकीचे नियतकालिक काढल्याची उदाहरणे थोडी, पण ठसठशीत आहेत. शंकर वासुदेव किर्लोस्कर (१८९१–१९७५) ह्यांनी १९२० मध्ये सुरू केलेले किर्लोस्कर खबर हे मूळचे कारखान्याचे मुखपत्र. संपादक स्वतःच व्यंगचित्रकार असल्याने व्यंगचित्राला त्यात मानाचे स्थान मिळाले. मडगावचे दीनानाथ दलाल (१९१६–७१) ह्यांनी १९४५ मध्ये दीपावली हा वार्षिक सुरू केला. इतरांच्या पुस्तकांची असंख्य मुखपृष्ठे करणारा हा चित्रकार आपल्या अंकाचा मात्र धनी होता. शि. द. फडणीस ह्यांनी ‘हसरी गॅलरी’ ह्या नावाने आपल्या हास्यचित्रांची प्रदर्शने गावोगाव नेली व मासिकाच्या मुखपृष्ठावरील चित्रास थेट प्रेक्षक मिळवून दिला. बाळ ठाकरे ह्यांनी मुंबईच्या फ्री प्रेस जर्नल मधील नोकरी सोडल्यावर बंधू श्रीकांत ह्यांच्यासह मार्मिक हे व्यंगचित्र-साप्ताहिक काढले (१३ ऑगस्ट १९६०). त्याचे प्रकाशन तत्कालीन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण ह्यांच्या हस्ते झाले. ‘रविवारची जत्रा’ हे मधल्या पानांवरील सदर त्याचे मोठे आकर्षण होते. मार्मिक पुढे शिवसेना ह्या राजकीय संघटनेचे उगमस्थान ठरले व त्याचा इतिहास चित्रकलेच्या कक्षेबाहेर गेला. तरीही नोकरीतील व्यंगचित्रकार स्वतःच्या पत्राचा मालक झाल्यावर त्याच्या रेषेला किती मोकळीक मिळते, ह्याचे ते मराठीतील सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

मालकीचा हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. भारतीय प्रताधिकार अधिनियमाच्या (१९५७) सतराव्या कलमानुसार, नियतकालिकाच्या नोकरीत असताना त्या नियतकालिकासाठी केलेल्या कृतीबाबत वेगळा करार नसेल, तर नियतकालिकात प्रसिद्ध करण्यापुरता पहिला हक्क मालकाचा असतो. अन्य बाबतींत तो कर्त्याचा राहतो. म्हणजे पुस्तक, खेळणी वा चित्रपट ह्यांविषयीचा हक्क कायद्याने कर्त्याजवळ असतो. पण करारात तो लिहून दिला गेला, की उरत नाही. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर ह्या जोडीची चिंटू ही मालिका १९९१ पासून सकाळ दैनिकात प्रसिद्ध होऊ लागली, नंतर ती लोकसत्ता मध्ये गेली. तिचे संग्रह निघाले आणि २०१२ मध्ये त्याच नावाचा चित्रपटही आला. वृत्तपत्र बदलूनही पात्र चित्रकाराबरोबर राहिले, ही गोष्ट मराठी चित्रपट्टीच्या इतिहासात लक्षणीय आहे. खानदेशातील वाचकास चिंटू भेटला तो वृत्तपत्रातूनच. जळगाव वा धुळ्याच्या चित्रकारास मात्र त्या पानावर जागा मिळविण्यासाठी दूरच्या संपादकाचा दरवाजा ठोठवावा लागे.

ही अट इंटरनेटने काढून टाकली. अमेरिकेत एरिक मिलिकिन ह्यांची मालिका १९८५ मध्येच संगणकीय सेवेवरून प्रसारित झाली होती. डेव्हिड फार्ली ह्यांची डॉक्टर फन (१९९३) ही जागतिक जालावरील आरंभीच्या मालिकांपैकी एक होय. फिल व काया फोग्लिओ ह्या दांपत्याने २००५ मध्ये आपल्या गर्ल जीनियस ह्या मालिकेचे छापील अंक थांबवून ती जालावर विनामूल्य दिली व संग्रह मात्र विकत ठेवले. त्याच वर्षी सुरू झालेल्या रँडल मन्रो ह्यांच्या एक्सकेसीडी ह्या मालिकेने नावाच्या उल्लेखासह अव्यापारी पुनर्मुद्रणास मोकळीक दिली. दक्षिण कोरियात २००३–०४ पासून चौकटी आडव्या न मांडता वरून खाली मांडण्याची पद्धत रूढ झाली. भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यास ती सोयीची ठरली. भारतात हीच मांडणी पुढे अनेकांनी उचलली. वृत्तपत्रासाठी काढलेली तीन चौकटींची आडवी पट्टी तशीच पडद्यावर टाकली, तर तिच्यातील अक्षरे वाचता येत नाहीत.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण नागपूरचे आहे. दंतवैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या रोहन चक्रवर्ती ह्यांनी २०१० मध्ये ग्रीन ह्यूमर ही वन्यजीवविषयक मालिका जालावर सुरू केली. विषय अगदी नेमका होता. पक्षिनिरीक्षक, वनाधिकारी, शिक्षक, निसर्गसंस्था हा विखुरलेला वाचकवर्ग प्रथम तिच्याकडे वळला व नंतर वृत्तपत्रे आली. अमेरिकन वितरणसंस्थेमार्फत जालावर वितरित झालेल्या भारतीय मालिकांत तिचे स्थान अग्रभागी आहे. २०१७ मध्ये चक्रवर्ती ह्यांना डब्ल्यूडब्ल्यूएफ ह्या आंतरराष्ट्रीय निसर्गसंस्थेचा अध्यक्षीय पुरस्कार मिळाला. केवळ कवितेचे मासिक जळगावात जगले आणि केवळ वन्यजीवांची मालिका नागपुरात वाढली, ह्यांत साम्य आहे: सर्वांसाठी काढलेल्या अंकापेक्षा काहींसाठीच काढलेला अंक मध्यस्थावाचून दूर जातो. मात्र ग्रीन ह्यूमर इंग्रजीत आहे, हा भेद नजरेआड करता येत नाही.

मराठी मालिकेस लिपीचा एक प्रश्न होता व त्यातच एक सोय दडलेली होती. युनिकोड ही समाईक संकेतप्रणाली रुळण्यापूर्वी प्रत्येक मराठी संकेतस्थळाचा टंक वेगळा असे. तो टंक वाचकाच्या संगणकावर नसेल, तर पानावर निरर्थक चिन्हे उमटत. हाताने अक्षरे लिहिलेली चित्रचौकट ही मुळात चित्रच असल्याने तिला ही अडचण नव्हती. पण जे चित्र आहे त्यातील शब्द शोधयंत्रास सहसा सापडत नाहीत. म्हणून चौकटीखाली संवाद युनिकोड लिपीत पुन्हा लिहिणे, हा मराठी मालिकेच्या प्रसाराचा सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित उपाय होय. दुसरी दक्षता सहीची. निरोपांच्या साधनांतून फिरणारे चित्र कडेने कापले जाते व कोपऱ्यातील सही नाहीशी होते. सही चित्राच्या आत, कापता येणार नाही अशा जागी असावी लागते.

आरंभाविषयी जाणकारांत फारसा मतभेद नाही. पहिला भाग प्रसिद्ध करण्याआधी निदान महिना-दोन महिन्यांचे भाग तयार असावेत. वार ठरवावा व तो चुकवू नये. नव्या वाचकास मागील सर्व भाग सहज मिळावेत. वाचकांचे पत्ते स्वतःजवळ ठेवण्यावर मात्र द्यावा तेवढा भर दिला जात नाही. समाजमाध्यमावरील हजारो अनुयायी हे वस्तुतः त्या माध्यमाचे गिऱ्हाईक असतात. त्याने आपले नियम बदलले, की चित्रकाराचा त्यांच्याशी असलेला संबंध तुटू शकतो. टपालाने चालणाऱ्या मासिकाच्या चालकाजवळ वर्गणीदारांची वही असे व ती त्याच्या मालकीची असे.

पैशाचा मार्ग ह्याच वहीतून जातो. चित्रकथेचे भाष्यकार स्कॉट मॅक्क्लाउड ह्यांनी वाचकाकडून काही सेंट इतकी सूक्ष्म किंमत घेण्याचा पुरस्कार केला. पण त्यासाठी उभारलेली बिटपास ही सेवा २००७ मध्ये बंद पडली. यशस्वी झाली ती उलट रीत: मालिका फुकट व छापील संग्रहास आगाऊ वर्गणी. रिच बर्लू ह्यांच्या द ऑर्डर ऑफ द स्टिक ह्या मालिकेच्या पुनर्मुद्रणासाठी २०१२ मध्ये सुमारे पंधरा हजार वाचकांनी साडेबारा लाखांहून अधिक डॉलर दिले. पुढच्याच वर्षी मासिक आश्रयाची पेट्रिऑन ही व्यवस्था सुरू झाली. ग्रंथाच्या छपाईपूर्वी वर्गणी गोळा करण्याची आपल्याकडील जुनी पद्धत ह्याहून तत्त्वतः निराळी नव्हती. मराठीत छापील संग्रहाचा खप आजही ग्रंथप्रदर्शने व संमेलने ह्यांवर बराच अवलंबून असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेर येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अशी बाजारपेठ तीन दिवसांपुरती खानदेशच्या दारी आली होती.

खानदेशातील स्थानिक विनोदाने आजवर वेगळी वाट धरली आहे. सीमेवरील मालेगावात स्थानिक हौशी मंडळींनी लोकप्रिय हिंदी चित्रपटांची विडंबने अल्प खर्चात तयार केली व ती गावातल्याच व्हिडिओगृहांतून दाखविली. मालेगाव के शोले हे त्यांतील प्रसिद्ध विडंबन. अहिराणीतील विनोद व गीतेही जालावर प्रामुख्याने ध्वनिचित्रफितींच्या रूपाने पसरली आहेत. ध्वनिचित्रफितीला नट, कॅमेरा व चार माणसांचा वेळ लागतो. चित्रमालिकेला कागद व एक हात पुरतो. शिवाय अहिराणी, लेवा गणबोली ह्यांसारख्या बोलींना छापील गद्यात जो संकोच वाटतो, तो चित्रातील संवादफुग्यात वाटत नाही. फुग्यातील शब्द हे उघडपणे कोणाच्या तरी तोंडचे असतात व त्यांचे लेखन प्रमाणभाषेप्रमाणे असावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ह्यांच्या ओव्या व गीते इतरांनी टिपून ठेवली म्हणून उरली व त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली. त्यांच्याच बोलीत आज बोलणाऱ्या पात्रांना संपादकाची वाट पाहण्याचे कारण नाही. आठवड्याचा वार ठरवून चौकट काढणारा हात मात्र जळगावात, धुळ्यात वा शिरपुरात असावा लागेल.