बीएससीएस : शालेय जीवशास्त्राच्या आखणीचा प्रयोग

बीएससीएस हे ‘बायोलॉजिकल सायन्सेस करिक्युलम स्टडी’ या अमेरिकी प्रकल्पाचे संक्षिप्त नाव. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ बायोलॉजिकल सायन्सेस या संस्थेने नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अर्थसाहाय्यावर १९५८ साली तो हाती घेतला. कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथील विद्यापीठात त्याचे कार्यालय होते. आनुवंशशास्त्रज्ञ बेंटली ग्लास हे सुकाणू समितीचे पहिले अध्यक्ष आणि प्राणिशास्त्रज्ञ आर्नल्ड ग्रॉबमन हे संचालक. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना एका वर्षात जीवशास्त्र काय, किती आणि कोणत्या क्रमाने शिकवायचे, हा प्रकल्पापुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना विद्यापीठांतले संशोधक आणि शाळांतले शिक्षक एका टेबलाशी बसले. तिथे झालेले बरेचसे निर्णय आजही कोणत्याही माध्यमिक शाळेतल्या विज्ञानशिक्षकाला उपयोगी पडतील असे आहेत.

पार्श्वभूमी स्पुटनिकची सांगितली जाते. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, अमेरिकेत शालेय विज्ञानाविषयी काहूर माजले आणि पुढच्याच वर्षी शिक्षणासाठी केंद्रीय निधीचा कायदा झाला. ही हकिकत खरी असली तरी अर्धी आहे. भौतिकशास्त्राच्या शालेय अभ्यासक्रमाची फेरमांडणी १९५६ मध्येच सुरू झाली होती. जीवशास्त्राचे दुखणे तर त्याहून जुने. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि शरीरविज्ञान हे तीन स्वतंत्र विषय एका पुस्तकात बांधून त्याला जीवशास्त्र म्हटले जाई. वर्गांची आणि अवयवांची नावे पाठ करायची, ठरावीक प्राण्यांची चिरफाड करायची, आकृतीला नावे द्यायची, की वर्ष संपले.

उत्क्रांतीची अवस्था त्याहून वाईट होती. टेनेसी राज्याने १९२५ मध्ये सरकारी शाळांत माणसाची उत्क्रांती शिकवण्यास कायद्याने बंदी घातली. त्याच वर्षी डेटन गावात जॉन स्कोप्स या शिक्षकावर गाजलेला खटला चालला. त्यानंतरची कित्येक वर्षे शालेय पुस्तकांत उत्क्रांती शेवटच्या प्रकरणांत ढकललेली, पातळ केलेली असे. काही पुस्तकांत तो शब्दही टाळलेला असे. नोबेल पारितोषिक मिळवलेले आनुवंशशास्त्रज्ञ हर्मन मुलर यांनी १९५९ साली, म्हणजे डार्विनच्या ग्रंथाला शंभर वर्षे होत असताना, डार्विनवादाविना गेलेली शंभर वर्षे आता पुरेत अशा आशयाच्या मथळ्याचा लेख लिहिला. मुलर बीएससीएसच्या समितीवर होते. पुढे तयार झालेल्या पुस्तकांमागे त्यांचा हा आग्रह स्पष्ट दिसतो.

पहिला मोठा निर्णय इयत्तेचा. अमेरिकी शाळांत जीवशास्त्र साधारणपणे दहावीला असे. बहुसंख्य मुले तो विषय घेत आणि त्यातल्या पुष्कळांचा तो विज्ञानाशी शेवटचा संबंध ठरे. वरच्या वर्गांत रसायन आणि भौतिक घेणारी मुले थोडी. त्यामुळे अभ्यासक्रम भावी डॉक्टरासाठी आखायचा की शाळा सोडून कामाला लागणाऱ्या मुलासाठी, हा प्रश्न इथे टाळता येत नव्हता. बीएससीएसने दुसऱ्या मुलाचा विचार आधी केला. पुढे मतदार, पालक, रुग्ण किंवा शेतकरी होणाऱ्या माणसाला सजीवसृष्टीविषयी काय कळलेले असावे, हे ठरवायचे आणि तिथून मागे येत धडे आखायचे. प्रकल्पातला हा सगळ्यात मोलाचा विचार म्हणावा लागेल.

१९६०च्या उन्हाळ्यात बोल्डरला लेखनशिबिर भरले. जीवशास्त्रज्ञ आशय मांडत. हे मुलांना पेलेल का, पन्नास मिनिटांच्या तासात बसेल का, हे शाळेत शिकवणारे शिक्षक सांगत. त्या शिबिरात एक पेच उभा राहिला. शिकवण्याची सुरुवात कुठून करायची? रेणूंपासून वर जायचे, पेशीपासून निघायचे, की जंगल-तळे-माणूस अशा मोठ्या चित्रापासून खाली उतरायचे? तज्ज्ञांचे एकमत होईना. तेव्हा एकमताची वाट न पाहता तीन पुस्तके लिहायचे ठरले. चाचणी आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांच्या रंगांवरून त्यांना निळी, पिवळी आणि हिरवी आवृत्ती ही नावे पडली ती कायमचीच.

निळी आवृत्ती रेणूंकडून माणसाकडे जाते. डीएनएची रचना १९५३ मध्ये उलगडली होती. जेमतेम सात वर्षांनी ती दहावीच्या पुस्तकात आणण्याचे धाडस या गटाने केले. पेशीतली ऊर्जा, विकरे, प्रथिने हे सारे तिथे आधी येते, म्हणून थोडे रसायन आधी झालेल्या वर्गालाच ती सोपी जाई. कोलंबिया विद्यापीठाचे जॉन मूर यांच्या देखरेखीखालची पिवळी आवृत्ती पेशीपासून सुरू होते आणि सूक्ष्मजीव, वनस्पती, प्राणी, आनुवंशिकता, उत्क्रांती अशी सरळ वाट धरते. जुन्या पठडीतल्या शिक्षकाला त्यातल्या त्यात ओळखीची वाटावी अशी ही मांडणी. हिरव्या आवृत्तीचा आरंभ एका रासबेरीच्या झुडपाखाली बसलेल्या सशापासून होतो. ससा काय खातो, त्याला कोण खाते, झुडूप कशावर वाढते, मेलेला ससा कुठे जातो असे प्रश्न विचारत ती परिसंस्थेपर्यंत पोचते आणि पेशी व रेणू सावकाश नंतर येतात. परिसंस्थाशास्त्रज्ञ मार्स्टन बेट्स आणि मेरीलँडमधले शाळाशिक्षक हेवन कोल्ब यांचा तिच्यावर ठसा आहे. पर्यावरण हा शब्द शालेय पुस्तकांत रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. विद्यार्थ्याला रोज दिसणाऱ्या वस्तूपासून न दिसणाऱ्या वस्तूकडे नेणारी असल्यामुळे तिन्हींत हीच मांडणी या वयाला अधिक मानवणारी वाटते.

तीन वाटा असल्या तरी सामान पुष्कळसे एकच होते. आशयाचा बराच मोठा भाग तिन्ही पुस्तकांत समान ठेवला होता आणि नऊ सूत्रे तिन्हींतून फिरत राहात : काळाच्या ओघात सजीवांत होणारा बदल, म्हणजेच उत्क्रांती, प्रकारांची विविधता आणि घडणीतली एकता, आनुवंशिक सातत्य, सजीव आणि परिसर यांचे परस्परपूरक नाते, वर्तनाची जैविक मुळे, रचना आणि कार्य यांचा मेळ, नियमन आणि समस्थिती, शोधप्रक्रिया म्हणून विज्ञान, आणि जीवशास्त्रीय कल्पनांचा इतिहास. ही सूत्रे वेगवेगळ्या प्रकरणांची नावे नाहीत. हृदयाचा धडा असो की मुळांचा, त्यात रचना-कार्याचे सूत्र येते. मधुमेहाच्या धड्यात समस्थितीचे. आखणी करणाऱ्याला त्याचा फायदा असा की काय गाळायचे ते ठरवता येते. एखाद्या घटकातून नऊपैकी एकही सूत्र पुढे सरकत नसेल, तर केवळ परंपरेने चालत आलेला म्हणून तो ठेवण्याचे कारण उरत नाही.

शिकागो विद्यापीठाचे जोसेफ श्वाब यांनी या प्रकल्पाच्या शिक्षक-हस्तपुस्तिकेचे काम पाहिले. १९६३च्या त्या पुस्तिकेत ४४ ‘शोधाची आमंत्रणे’ आहेत. आमंत्रण म्हणजे वर्गात तोंडी चालवायचा छोटा संवाद. साहित्य लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. तिसऱ्या आमंत्रणात एक संशोधक दोन काचेच्या बश्यांत ओल्या टीपकागदावर मक्याचे दाणे ठेवतो. एक बशी अंधाऱ्या खोलीत, दुसरी उजेडाच्या खोलीत. तापमान दोन्हीकडे सारखे. चार दिवसांनी पाहतो तो दोन्ही बश्यांतले सगळे दाणे रुजलेले. शिक्षकाने वर्गाला विचारायचे : यावरून काय म्हणता येईल?

मुले हमखास म्हणतात की बी रुजायला ओलावा लागतो, ऊब लागते. हे उत्तर त्यांना आधीपासून माहीत असते, खरेही असते, पण या प्रयोगातून ते निघत नाही, कारण ओलावा आणि ऊब दोन्ही बश्यांत सारखीच होती. मग शिक्षकाने विचारायचे की दोन बश्यांत फरक कशाचा होता. फरक उजेडाचा. म्हणजे मक्याच्या दाण्याला रुजायला उजेड लागत नाही, एवढेच म्हणता येते. तेही मक्यापुरते, सगळ्या बियांविषयी नाही. दहा-पंधरा मिनिटांत मुलाला कळते की माहिती असणे वेगळे आणि पुराव्यावरून बोलणे वेगळे. पुढची आमंत्रणे नियंत्रित प्रयोग, नमुन्याची संख्या, मोजणीतली चूक, कार्यकारणभाव अशी पायरी-पायरीने चढत जातात. फळ्याखेरीज काहीही नसलेल्या शाळेतही हा भाग जसाच्या तसा वापरता येतो. तरीही बीएससीएसचे नाव घेताना तीन रंग सगळ्यांना आठवतात आणि श्वाब यांची पुस्तिका मागे राहते, याचे वाईट वाटते.

प्रयोगांच्या बाबतीतही असाच वेगळा विचार झाला. दर आठवड्याला एक सुटा प्रयोग, तोही उत्तर आधीच माहीत असलेला, ही पद्धत बाजूला ठेवून ‘प्रयोगशाळा खंड’ तयार केले गेले. वर्गाने सहा आठवडे एकाच विषयात राहायचे : वनस्पतींची वाढ, प्राण्यांचा विकास, सूक्ष्मजीव, रचना आणि कार्य. सलग काम केले की पहिल्या आठवड्यातल्या चुका दुसऱ्यात सुधारता येतात आणि संशोधन म्हणजे काय याची चव लागते. त्यासाठी बाकीच्या घटकांचे सहा आठवडे सोडावे लागत. पुष्कळ शिक्षकांना हे जड गेले.

पुस्तके लिहून थेट बाजारात गेली नाहीत, ही या आखणीची दुसरी जमेची बाजू. चाचणी आवृत्त्या देशभरच्या शाळांत शिकवल्या गेल्या. शिकवणारे शिक्षक आपापल्या केंद्रावर भेटून काय चालले, काय कोसळले ते नोंदवत आणि त्या नोंदी बोल्डरला जात. त्यावरून फेरलेखन झाले आणि १९६३ मध्ये तीन वेगवेगळ्या प्रकाशकांनी तीन आवृत्त्या बाजारात आणल्या.

विरोध अपेक्षित होताच. १९६४ मध्ये टेक्सास राज्यात पाठ्यपुस्तकांच्या मंजुरीच्या वेळी धार्मिक गटांनी उत्क्रांतीवरून मोठी मोहीम उघडली. पुस्तके तरीही मंजूर झाली. मानवी प्रजननाच्या पानांवरूनही आक्षेप आले. दरम्यान कायद्याचे वारे फिरत होते. टेनेसीने १९६७ मध्ये आपली बंदी मागे घेतली आणि १९६८ मध्ये आर्कान्सास राज्याचा तशाच स्वरूपाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने सुझन एपर्सन या जीवशास्त्राच्या शिक्षिकेच्या खटल्यात घटनाबाह्य ठरवला.

खरी अडचण वर्गात होती. नवे पुस्तक हातात आले, पण शिक्षक जुन्याच पद्धतीने शिकलेले. उन्हाळी प्रशिक्षणवर्ग झाले, तरी ते सगळ्यांपर्यंत पोचले नाहीत. सत्तरच्या दशकाच्या शेवटी नॅशनल सायन्स फाउंडेशननेच अमेरिकी शाळांची पाहणी करवली. विज्ञानाचे तास बहुतांशी पाठ्यपुस्तक वाचण्यात आणि प्रश्नोत्तरांत जात, मुलांनी स्वतः शोध घेण्याचे प्रसंग विरळा, असे चित्र तीतून पुढे आले. पुढच्या काळात बीएससीएसचा भर पुस्तकाइतकाच तासाच्या घडणीवर आला. १९८०च्या दशकात रॉजर बायबी आणि सहकाऱ्यांनी पाच टप्प्यांची रचना मांडली : आधी कुतूहल जागवायचे, मग मुलांना हाताळू-शोधू द्यायचे, त्यानंतर स्पष्टीकरण, मग नव्या प्रसंगात उपयोजन आणि शेवटी मूल्यमापन. शिक्षकाने समजावून सांगणे तिसऱ्या टप्प्यावर येते, हा तिचा गाभा. आज अनेक देशांतल्या पाठनियोजनात ही रचना वापरली जाते.

परदेशात हिरव्या आवृत्तीला विशेष मागणी आली, आणि तिच्यामुळेच एक अडचणही समोर आली. परिसरापासून सुरू होणारे पुस्तक दुसऱ्या परिसरात जसेच्या तसे चालत नाही. ऑस्ट्रेलियाच्या विज्ञान अकादमीने १९६७ साली ‘द वेब ऑफ लाइफ’ हे रूपांतर काढले, तेव्हा उदाहरणे त्या खंडातल्या वनस्पती-प्राण्यांची घेऊन मजकूर नव्याने बांधावा लागला. ब्रिटनने आपली वाट वेगळी काढली. तिथला नफील्ड प्रकल्प १९६२ मध्ये सुरू झाला आणि त्याची जीवशास्त्राची पुस्तके १९६६ पासून आली.

भारतात १९६१ मध्ये एनसीईआरटी स्थापन झाली. दिल्ली विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ पंचानन माहेश्वरी यांच्या नेतृत्वाखालच्या मंडळाने उच्च माध्यमिक शाळांसाठी जीवशास्त्राचे पुस्तक तयार केले. १९६३ पासून अमेरिकी साहाय्याने शिक्षकांसाठी उन्हाळी विज्ञानवर्ग भरू लागले, त्यांतून बीएससीएसचे साहित्य इथल्या शिक्षकांच्या हाती आले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिल्या दहा वर्षांत विज्ञान सर्वांना सक्तीचे असावे अशी शिफारस केली. त्यामुळे बोल्डरमधला प्रश्न, जीवशास्त्राचे हेच शेवटचे वर्ष असलेल्या मुलाला काय द्यायचे, तो भारतातही दहावीपाशीच येऊन ठेपला.

त्याचे ताजे उदाहरण २०२३ मधले. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातला उत्क्रांतीचा भाग वगळून फक्त आनुवंशिकता ठेवली गेली. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी सही करून त्याला विरोध नोंदवला. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती कायम आहे, असे उत्तर दिले गेले. पण दहावीनंतर वाणिज्य, कला किंवा तंत्रशिक्षणाकडे जाणाऱ्या मुलाला ते पुस्तक कधीच भेटत नाही. विरोधाचे कारण रास्त होते.

महाराष्ट्रात बालभारतीच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. सूक्ष्मजीव, पेशीविज्ञान, पर्यावरण व्यवस्थापन, सामाजिक आरोग्य पुढे येतात. राज्य मंडळाच्या परीक्षेत विज्ञानाच्या दोन्ही भागांना प्रत्येकी ४० आणि प्रात्यक्षिकाला २० गुण. ही वाटणी हाती घेऊन वर्षाची आखणी करणाऱ्या शिक्षकाला प्रकरणांचा छापील क्रम पाळलाच पाहिजे असे नाही. इथली शाळा जूनच्या मध्याला, पावसाबरोबर सुरू होते. डबकी, शेवाळ, बेडकांची पिल्ले, गांडुळे, नव्याने उगवलेले गवत, मोहरीपासून मक्यापर्यंतची रुजवण हे सगळे जुलै-ऑगस्टमध्ये शाळेच्या आवारातच मिळते आणि मार्चला त्यातले फारसे काही उरत नाही. परिसराचे निरीक्षण आणि रुजवणीचे प्रयोग पहिल्या सत्रात घेऊन पेशी, जैवतंत्रज्ञान आणि आरोग्याचे धडे दुसऱ्या सत्रात ठेवले, तर हिरव्या आवृत्तीचा क्रम इथल्या ऋतुचक्रात सहज बसतो, आणि त्यासाठी वेगळे पुस्तकही लागत नाही.